पुढचा वर्ग लावण्याआधी परत आलेली चौदा पाकिटं उघड

सोलापूरहून आलेलं पत्र आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडं आखडून देते:

‘मावशी, माझं वय ३६. सहा वर्षांपासून घरीच शेंगा चटणी कुटून विकते. आठवड्यातून दोनदा बसते, एका बैठकीला ४० पाकिटं होतात. तीन दुकानांत माल जातो. गेल्या तीन वर्षांत व्यक्तिमत्त्व विकास, यशाची मानसिकता, उद्योजक मन असे सात वर्ग केले. ६८ हजार रुपये गेले. वर्गातून आले की आठ-दहा दिवस अंगात नुसता उत्साह असतो, मग पुन्हा जैसे थे. रोज सकाळी “माझी उलाढाल एक कोटी आहे” असं एकवीस वेळा लिहिते. गेल्या महिन्यात एका दुकानदाराने १४ पाकिटं परत दिली, चटणी खवट लागते म्हणाला. वर्गातल्या सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, तुमच्या मनात अजून नकार आहे, पुढची पातळी करा. तिची फी ४५ हजार. नवरा म्हणतो, शिकून कधी धंदा येत नसतो, आता एक तर वर्ग बंद कर, नाही तर चटणी बंद कर. पण मावशी, त्या वर्गात मला माझ्या नावाने हाक मारतात. एरवी मी कुणाची तरी सून नाही तर कुणाची तरी आई. मी काय करू?’

तुला ‘तू’ म्हणते. माझ्या थोरल्या मुलीपेक्षा तू दोनच वर्षांनी लहान आहेस.

आधी उत्तर, मग बाकीचं. ४५ हजार भरू नकोस. आणि चटणीही बंद करू नकोस. नवऱ्याचं ‘शिकून धंदा येत नसतो’ हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. धंदा शिकून येतो. मी स्वतः शिकूनच उभी राहिले. शिकायची तुझी भूक खरी आहे, तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण ज्या ताटावर तू तीन वर्षं बसलीयेस, त्यात पोटाला लागेल असं फारसं काही वाढलेलं नाही.

पत्रात तू आकडे दिलेस, ते घेऊन मी वही-पेन्सिल घेऊन बसले. २०० ग्रॅमचं पाकीट दुकानदाराला ६० रुपयांना देतेस. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, गॅस धरून ४२. पाऊच आणि लेबल ५. रिक्षा वाटून ४. झाले ५१. हातात राहतात ९ रुपये. आठवड्याला ८० पाकिटं म्हणजे ७२० रुपये, आणि त्यासाठी सहा-सहा तासांच्या दोन बैठका. म्हणजे तासाला ६० रुपये. यात तुझ्या हातांची मजुरी वेगळी धरलेलीच नाही. परत आलेल्या १४ पाकिटांवर तुझे ७१४ रुपये खर्च झालेले होते. म्हणजे जवळजवळ एक अख्खा आठवडा तू फुकट कुटत बसलीस. आता ते ४५ हजार ९ रुपयांनी भाग. पाच हजार पाकिटं. सव्वाशे बैठका. वर्षभराहून जास्त कुटणं आलं, तेव्हा ती फी फिटणार.

हा हिशेब सात वर्गांपैकी एकाही वर्गात तुझ्याकडून कुणी करून घेतला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तू सगळे आकडे बरोबर लिहिलेस, अगदी रिक्षाचेसुद्धा. म्हणजे ते तुझ्या डोक्यात होतेच. फक्त एकाखाली एक मांडले नव्हते.

आता मानसिकतेकडे येते, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. ‘माझं मन उद्योजकाचं कधी होणार?’ असं तू तीन ठिकाणी लिहिलंयस. जणू आधी मन तयार होईल आणि मग त्यातून धंदा वाढेल. माझा अनुभव उलटा आहे. मन घडतं ते परत आलेल्या मालासमोर बसल्यावर.

१९९३ साली मी उद्योजकता विकासाचं चार आठवड्यांचं शिबिर केलं होतं. तिथे दुसऱ्याच दिवशी सरांनी जमिनीवर एक खुंटी उभी केली आणि आमच्या हातात दोरीच्या रिंगा दिल्या. कुठूनही उभं राहून फेका म्हणाले, अंतर तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही पंचवीस-तीस जण होतो. काही जण खुंटीला जवळजवळ चिकटूनच उभे राहिले आणि रिंगा तिच्यावर नुसत्या ठेवल्यासारख्या टाकल्या, सगळ्या बसल्या. दोघं-तिघं पार भिंतीला टेकून उभे राहिले, एकही बसली नाही, पण टाळ्या त्यांनाच पडल्या. मी चिकटून उभं राहणाऱ्यांतली. एक पोल्ट्रीवाले काका तेवढे सहा-सात फुटांवर उभे राहिले. पहिली चुकली. अर्धं पाऊल पुढे आले. दुसरी खुंटीला घासून गेली. हात जरा खाली घेतला. तिसरी बसली. मग ते आपणहून एक पाऊल मागे सरकले. सर म्हणाले, काका काय करताहेत ते नीट बघा.

हा खेळ सरांनी स्वतः काढलेला नव्हता. डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामातून तो आला आहे. कर्तृत्वाची ओढ ज्यांच्यात जास्त असते, ती माणसं मधलं अंतर निवडतात, हे त्यांनी अशा खेळांतून दाखवलं. तिथे चूक होऊ शकते, पण चुकीवरून हात सुधारता येतो. आणि ही ओढ शिकवता येते का, हे त्यांनी आपल्याच देशात पाहिलं. १९६४ साली आंध्रातल्या काकीनाड्यात लहान व्यापारी-कारखानदारांना दहा-दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि नंतर दोन वर्षं त्यांच्या धंद्यांवर लक्ष ठेवलं. शिकलेले लोक न शिकलेल्यांपेक्षा जास्त हालचाल करताना दिसले. नवे धंदे, नवी गुंतवणूक, नवी माणसं कामाला. आपल्याकडच्या उद्योजकता शिबिरांत त्या कामाचा अंश अजून आहे.

म्हणून रोज सकाळी एकवीस वेळा लिहितेस त्या ओळीबद्दल सांगते. एक कोटी म्हणजे भिंतीला टेकून उभं राहणं. चुकली तर का चुकली ते तिथून कळतच नाही. आणि तीच तीन दुकानं, तीच ४० पाकिटं, सहा वर्षं, हे खुंटीला चिकटून उभं राहणं. तू एकाच वेळी दोन्हीकडे उभी आहेस, मधे कुठेच नाहीस. मधलं अंतर काय? मला वाटतं, दिवाळीपर्यंत पाच दुकानं, परतीचा माल महिन्याला दोन पाकिटांच्या आत, आणि पाकिटामागे ९ चे १४ रुपये. हे आकडे माझे झाले. तुझे तू ठरव. पण सकाळी वहीत लिहायचंच असेल तर एक ओळ एकदाच लिही, आणि तिच्याखाली काल त्यासाठी काय केलं ते लिही.

आता ती १४ पाकिटं. टाकून दिली नसशील अशी आशा आहे. दिली असशील तर पुढच्या परतीपासून सुरू कर. एक पाकीट उघड, वास घे, चव घे. मग आठव: तो घाणा कधीचा? दाणे कुठून आणले होते, नवे की जुने? भाजून पूर्ण गार होऊ दिले होते का? कोमट माल पाऊचमध्ये भरला की आत वाफ धरते. लसणाचा ओलेपणा वेगळा. दाण्यातलं तेल हवा, ऊन आणि उष्णता लागली की खवट होतं, आणि कुटल्यावर तर तेल सुटून वरच येतं. तू लिहिलंयस की पाऊच पारदर्शक आहे, चटणीचा रंग दिसावा म्हणून. आणि दुकानदार ते पुढच्या काचेच्या कपाटात ठेवतो. सोलापूरचं ऊन मी तुला काय सांगू! मला शंका तिथेच येते. पण शंकेवर थांबू नकोस, पडताळून बघ.

पुढच्या घाण्यातली सहा पाकिटं विकायची नाहीत. दोन स्वयंपाकघरातल्या बंद कपाटात ठेव. दोन खिडकीत, उन्हात. उरलेल्या दोन पाकिटांसाठी जाड, आतून चंदेरी पाऊच आण, आणि तीही उन्हातच ठेव. सगळ्यांवर तारीख घाल. पंधरा दिवसांनी प्रत्येकातलं एक उघड, महिन्याने दुसरं. खर्च साडेतीनशे रुपयांच्या आसपास. यातून जे कळेल ते ४५ हजारांच्या वर्गात कळणार नाही, कारण त्या सरांनी तुझी चटणी चाखलेली नाही. (पाकिटावर बनवल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आहे ना? तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस. नसेल तर हे काम सगळ्यात आधी.)

‘तुमच्या मनात नकार आहे’ हे वाक्य वाचून मला राग आला, ते लपवत नाही. दाण्याचं तेल तुझ्या मनातल्या नकाराने खवट होत नाही. कष्ट करणाऱ्या बाईला तिच्या मालातला दोष तिच्या स्वभावातला दोष म्हणून सांगायचा आणि त्यावर पुढची पातळी विकायची, हे मला साफ चुकीचं वाटतं.

माझं स्वतःचं सांगते. शिबिरानंतर मी शाळेच्या गणवेशांचं युनिट काढलं, चार मशीनचं. पहिल्याच जूनमध्ये एका शाळेने दोनशेच्या वर शर्ट परत पाठवले. दोन धुण्यांत कॉलरला फुगे आले होते. मी दोन दिवस रडले. मला धंद्याची बुद्धीच नाही, असं घरात सगळ्यांना सांगत सुटले. तिसऱ्या दिवशी एक कॉलर उसवली. आतलं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं कापड, आटलं होतं, वरचं कापड आटलं नव्हतं. व्यापाऱ्याने न आटवलेलं बकरम दिलं होतं आणि मी विचारलं नव्हतं. एवढंच होतं ते. त्यानंतर पंचवीस वर्षं नव्या लॉटचा एक शर्ट तीन वेळा धुऊन, वाळवून, इस्त्री करून पाहिल्याशिवाय मी ठाणाला कात्री लावली नाही. ती दोनशे शर्टांची कॉलर बदलताना मला जे आलं, त्यालाच पुढे लोक माझी ‘उद्योजक मानसिकता’ म्हणू लागले.

मग वर्ग कशाला? असं नवरा विचारेल. तर त्याला आफ्रिकेतल्या टोगो देशातली गोष्ट सांग. तिथे १५०० छोट्या धंदेवाल्यांचे तीन गट केले. ५०० जणांना काहीच शिकवलं नाही. ५०० जणांना हिशेब, विक्री वगैरे नेहमीचं शिकवलं. आणि ५०० जणांना पुढाकार शिकवला: कुणी सांगायची वाट न पाहता सुरुवात करणं, पुढच्या अडचणी आधी ओळखणं, इतरांपेक्षा वेगळं काय देता येईल ते शोधणं, अडलं तरी वाट काढणं. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाले. काहीच न शिकलेल्यांच्या तुलनेत हिशेब शिकलेल्यांचा नफा सरासरी ११ टक्के वाढला, आणि ती वाढ ठामपणे प्रशिक्षणाचीच म्हणावी एवढी नव्हती. पुढाकार शिकलेल्यांचा नफा ३० टक्के वाढला, आणि तो दोन वर्षांहून जास्त टिकला. म्हणजे तुला जे हवंय ते शिकवता येतं, तू खुळ्यासारखी धावत नव्हतीस.

पण ते कसं शिकवलं, ते बघ. चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, अर्धाच दिवस. उरलेला वेळ आपापल्या धंद्यावर. वर्गात ठरवलेलं लगेच करून बघायचं आणि पुन्हा वर्गात यायचं. आणि वर्ग संपल्यावर शिक्षक चार महिने, दर महिन्याला, त्यांच्या दुकानात येऊन बसत. तुझ्या सात वर्गांपैकी किती सर तुझ्या स्वयंपाकघरात आले? पुढच्या वेळी कुठलाही वर्ग लावण्याआधी मला दोनच गोष्टी विचारायच्या वाटतात. वर्ग संपल्यावर माझ्या धंद्याकडे कोण आणि किती वेळा बघणार? आणि मागच्या तुकडीतल्या, अजून धंदा करत असलेल्या दोघींशी मला एकटीने बोलता येईल का? ‘आजच भरलं तर सवलत’ असं कुणी म्हणालं तर उठून ये.

फुकट किंवा अगदी कमी पैशांत शिकायच्या जागा आहेत. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथलं प्रशिक्षण विनामूल्य असतं आणि नंतर दोन वर्षं त्यांनी पाठपुरावा करायचा असतो. ती मुख्यतः ग्रामीण भागासाठी आहे, तू शहरात राहतेस, तेव्हा आधी चौकशी कर. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी, १९८८ पासून हेच काम करतंय. त्यांची आणि इतर योजनांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळेल. पॅकिंग आणि टिकवण्याबद्दल कृषी विज्ञान केंद्रात विचार, तिथे खाद्यप्रक्रियेची छोटी प्रशिक्षणं होत असतात. तिथे तुला दिवे, संगीत, मिठ्या मिळणार नाहीत. कदाचित लाकडी बाकावर बसावं लागेल आणि शिकवणारे साहेब कंटाळवाणं बोलतील. तरी वही घेऊन जा आणि खवट चटणीचा प्रश्न उभं राहून विचार.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. ‘तिथे मला माझ्या नावाने हाक मारतात.’ सगळ्यात जास्त वेळ मी या वाक्यापाशी थांबले. मला वाटतं, ६८ हजारांतले बरेचसे तू याच्यासाठी मोजलेस, आणि त्याची तू लाज धरू नकोस. घरात दिवसभर खपणाऱ्या बाईला दोन दिवस कुणी तिचं नाव घेऊन, तिच्या कामाबद्दल विचारत असेल, तर तिथे पुन्हा जावंसं वाटणारच. नुसतं ‘वर्ग बंद कर’ म्हणून हे सुटत नाही. त्या जागी दुसरं काही तरी लागेल, आणि ते गावातलं, दर महिन्याचं, हक्काचं लागेल.

आम्ही भिशी लावली होती. माझ्याबरोबर एक पिठाची गिरणी चालवणारी, एक डबे देणारी आणि एक झेरॉक्सचं दुकान असलेली. महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी तीन वाजता. पैशांची भिशी पाच मिनिटांत उरकायची आणि मग प्रत्येकीने आपली वही मधे ठेवायची. किती विकलं, किती परत आलं, किती उधारी अडकली. मागच्या महिन्यात काय करीन म्हणाली होतीस, केलंस का? नसेल तर का? पहिल्या दोन-तीन वेळा आम्ही आकडे वाढवून सांगितले. मग डबेवालीने एकदा सरळ सांगितलं की तिचे सात डबे सुटलेत आणि घरभाडं थकलंय. त्या दिवसापासून खरं बोलणं सुरू झालं. शाळेकडून कापडापुरता आगाऊ पैसा मागायला मला तिनेच शिकवलं. मी म्हणाले, शाळा देणार नाही. ती म्हणाली, तू विचारलंस का? नव्हतंच विचारलं. विचारल्यावर मिळाला. ही भिशी अकरा वर्षं चालली, आणि माझं खरं व्यक्तिमत्त्व विकासाचं प्रशिक्षण ते.

तुझ्या सात वर्गांत तुला तुझ्याच गावातल्या, खरोखर काही विकणाऱ्या दोन-तीन बायका नक्की भेटल्या असतील. त्यांना फोन कर. सगळ्या चटणीवाल्या नकोत, वेगवेगळ्या धंद्यातल्या बघ, म्हणजे लपवाछपवी होत नाही. आणि एकमेकींना नावाने हाक मारायची, एवढा नियम पहिल्याच दिवशी करा.

नवऱ्याशी आज वाद घालू नकोस. ६८ हजार गेले, त्याचा राग त्याला येणं साहजिक आहे, आणि ते पैसे दोघांचे होते. एवढंच म्हण की पुढचे सहा महिने एकही पैशाचा वर्ग लावणार नाही, आणि दर रविवारी वही तुझ्यासमोर ठेवीन. मग खरंच ठेव. वहीत तुझ्या मजुरीचा रकाना कर. मला वाटतं, तासाला ६० रुपये हा आकडा त्याने आजवर पाहिलेला नाही. तो पाहिला की चटणी बंद कर म्हणण्याऐवजी दाणे घाऊक कुठे स्वस्त मिळतील असं तोच विचारेल, अशी शक्यता आहे. आणि नाहीच विचारलं, तर बाजारात जाऊन तीन व्यापाऱ्यांकडे भाव तू विचारून ये. पाकिटामागचे वरचे पाच रुपये बहुतेक तिथेच सापडतील.

त्या दुकानदाराकडेही जा. १४ पाकिटांबद्दल माफी मागून बदली माल दे, आणि विचार, किती दिवसांनी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं? हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. पाकीट काचेच्या कपाटातून आतल्या फळीवर हलवशील का, हेही विचार.

या आठवड्याच्या घाण्यातली ती सहा पाकिटं बाजूला काढ. पंधरा दिवसांनी पहिली तीन उघडशील, तेव्हा कुठल्याला वास आला आणि कुठल्याला नाही, ते मला कळव. मी वाट बघतेय.